फायली तेवढ्याच आहेत

“मोजा, शेटेबाई. तुमच्या हातानं मोजा.”

इनामदार सरांनी स्वतःची खुर्ची मागं सरकवून मला संगणकासमोर जागा करून दिली. एवढा मान त्यांनी मला आधी कधी दिला नव्हता. संस्थेचे ऑपरेटर चौगुले भिंतीला टेकून चष्मा पुसत उभे होते. चष्मा स्वच्छ होता, तरी पुसत होते.

‘लुगडी’ नावाच्या फोल्डरवर मी माऊस नेला, उजवं बटण दाबलं आणि यादीत सगळ्यात खाली असलेलं ‘प्रॉपर्टीज’ निवडलं. छोटी चौकट उघडली. आकडा भराभर चढला आणि थांबला.

“किती होत्या फायली?” सरांनी विचारलं.

“एक हजार अठ्ठेचाळीस.”

“आणि आता किती आहेत?”

“तेवढ्याच.”

“मग सकाळपासून आरडाओरडा कशाचा चाललाय? एक तरी गेली का?”

मी त्याच ओळीतला पुढचा आकडा बघत होते. आधी फायली किती ते लिहिलेलं असतं, मग स्वल्पविराम, मग आत फोल्डर किती ते. तिथं शून्य होतं. शनिवारी मी घरी गेले तेव्हा एकशे एकतीस होते.

“सर, फोल्डर कुठं गेले?”

“फोल्डर!” सर चौगुल्यांकडे बघून हसले. “सगळे फोटो बाहेर एकत्र काढले, मागं रिकामे फोल्डर उरले. ते टाकून दिले. आंबे काढून घेतल्यावर पेटी कोणी जपून ठेवतं का?”

“पेटीवर नाव होतं, सर.”

“नावाला वजन असतं का, बाई? ती खालची ओळ वाचा. साईज वाचा. शनिवारी होती तेवढीच आहे. एका बाईटचासुद्धा फरक नाही.”

खोटं काहीच नव्हतं त्यात. नावांना खरोखरच वजन नव्हतं. एकशे एकतीस बायकांची नावं गेली तरी संगणकाच्या काट्यावर रतीभर फरक पडला नव्हता.

या गोष्टीला आता वीस वर्षं होत आली. तेव्हा मी तालुक्याच्या गावी लोककलेच्या एका संस्थेत संशोधन सहायक होते. कृष्णेकाठच्या गावांमधून जुन्या इरकली लुगड्यांचे फोटो काढायचे, काठ, पदर, रंग, विणीचा जवळून एक, असे प्रत्येक लुगड्याचे आठ, आणि त्याचं पुस्तक करायचं, असं काम होतं. काम सरांना मिळालं होतं. ते ज्या गावात जात तिथं त्यांना ओसरीवर सतरंजी मिळे, चहा मिळे, गावच्या इतिहासावर दोन तास ऐकायला मिळे. लुगडं काही बघायला मिळत नसे. बाईची ट्रंक आतल्या खोलीत असते आणि परक्या पुरुषासमोर ती उघडत नाही, हे संशोधकाला कळायला सहा महिने लागले. मग मला पाठवलं.

माझ्यासमोर ट्रंका उघडल्या, पण फुकट नव्हे. बायका आधी माझं माहेर विचारत, मुलं किती, नवरा काय करतो, नांदवत का नाही, सगळं काढून घेत. तेवढं भाडं भरल्यावर मग कुलूप निघे. आणि लुगडं बाहेर आलं की प्रत्येकीचं एकच म्हणणं असे, हे कुणाचं ते लिहून ठेव. लुगड्याला मालकीण असते. सासूचं लुगडं सुनेनं नेसलं तरी ते मरेपर्यंत सासूचंच.

सरांचे नियम कडक होते. फोटोत चिठ्ठी, पाटी, माणसाचा हात, काही दिसता कामा नये. फायलीला कॅमेऱ्यानं दिलेला क्रमांक बदलायचा नाही.

“मग कुणाचं कोणतं ते कुठं लिहायचं, सर?”

“फोल्डरला द्या की काय द्यायचं ते नाव. तो काही छापला जात नाही.”

म्हणून मी लुगड्यागणिक एक फोल्डर केला आणि त्यावर मालकिणीचं नाव घातलं. इंग्रजी अक्षरांत टंकावं लागे, पण नाव पुरं घालायचे. फोटो उतरले की कॅमेऱ्यातलं कार्ड रिकामं होई. ती नावं त्या फोल्डरांखेरीज जगात कुठंही नव्हती.

अठ्ठ्याऐंशीवा फोल्डर तुळसाक्का खोतांचा.

“नेसायला मिळंना म्हणून बघायला आलीस व्हय गं?” त्यांनी मला दारातच विचारलं होतं. सत्तरीच्या, काटक, कपाळ मोकळं, तोंडात तंबाखू. मी पाच पावलं आत गेल्यावर म्हणाल्या, “बस. शालन, हिला च्या टाक. लई वाळलीया.” शालन त्यांची सून.

दोन लुगडी त्यांनी सहज काढून दाखवली. एकीचं एकच निवडायचं म्हणून मी आधी ती नुसती उलगडून बघत होते, तोवर त्या गप्प बसून माझ्या हातांकडे बघत होत्या. मी लुगड्याची घडी जशी होती तशीच परत घातली, बहुतेक तेवढ्यावर मी पास झाले. त्यांनी दार लोटून घेतलं आणि ट्रंकेच्या तळातून धोतराच्या पानात गुंडाळलेलं एक बोचकं काढलं.

आत हिरवं लुगडं होतं. रुंद लाल काठ, रेशमी पदर. घडी एकदाही मोडलेली नव्हती.

“नेसला नाहीत कधी?”

“जित्तेपणी नेसायचं न्हवंच ते.”

मी कॅमेरा खाली ठेवला.

“मला एकच भाऊ. दत्तू. धाकटा.” त्या काठावरून बोट फिरवत बोलायला लागल्या. “त्याला छातीचं दुखणं. डाक्टरनं हात टेकले. तर ह्यो बाबा एक दिस लुगडं घिऊन दारात हुबा. म्या म्हनलं, सण न्हाई, सूद न्हाई, लुगडं कशाचं रं? तर म्हनतोय, अक्का, तू भरल्या कपाळानं गेलीस तर माहेरचं हिरवं लुगडं लागंल. तवा मी नसणार. दुसरं कोण हाय माहेरात? आत्ताच ठिवून घे.”

“मग?”

“मग काय! पायताण घिऊन मागं लागले त्याच्या. माझ्या मरणाचं लुगडं आणतोय मुडदा! ह्या गल्लीनं पळतोय, खोकतोय, पळतोय, आन् हसतोय.” त्याही हसल्या. मग पदर डोळ्याला लावला. “चैतात दत्तू गेला.”

आमच्याकडं रीतच आहे. सवाष्ण गेली की माहेरचं हिरवं लुगडं नेसवून, ओटी भरून तिला नेतात. ज्या बाईला ते मिळतं तिचं नशीब म्हणतात. तुळसाक्कांनी ते लुगडं ट्रंकेच्या तळाशी ठेवलं, दर दसऱ्याला ऊन दाखवलं. आणि मग त्यांचे मालक त्यांच्याआधी गेले.

“आता ह्याचं काय करू सांग. नेसायचा हक्क गेला. लेकीला देता येत न्हाई, सुनंला देता येत न्हाई. मरणाचं लुगडं कुणाच्या अंगावर घालू? ना माझं, ना कुणाचं.” त्यांनी ते माझ्याकडं सरकवलं. “काढ फोटू. पर माझं नाव लाव त्याला. आन् दत्तूचं. नेसायचं ऱ्हायलं, निदान नाव तरी लागू दे.”

“लावते.”

“पुस्तकात येईल?”

“येईल, आक्का.”

फोल्डरचं नाव मी लांबलचक दिलं होतं. तुळसाबाई रामू खोत, भाऊ दत्तूनं दिलेलं. चौगुले म्हणालेही होते, “मॅडम, एवढं नाव चौकटीत मावत नाही.” मी म्हटलं होतं, नाही मावलं तर नाही मावलं, राहू दे.

सरांच्या केबिनमध्ये त्या सकाळी मला तेच लांबलचक नाव आठवत होतं.

“सर, मला दोन दिवस द्या,” मी म्हटलं. “एकेक फोटो समोर ठेवून मी सांगते कुणाचं कुठलं. मला सगळी ओळखू येतात.”

“आठवणीला पुरावा म्हणत नाहीत, शेटेबाई. तुम्ही एम. ए. केलंय ना?”

“पुरावा होता की. तुम्हीच टाकलात.”

“आवाज खाली.” सर उभे राहिले. “अभ्यास काठांचा आहे, बायकांचा नाही. कुणाच्या ट्रंकेत काय सापडलं हे कुणाला वाचायचंय? उद्या सीडी छापखान्यात जाणार. तुम्ही निघा आता.”

बाहेरच्या खोलीत चौगुले माझ्या मागोमाग आले. बिचारे घाबरट माणूस, पण मनानं वाईट नव्हते.

“मॅडम, मी म्हटलं होतं सरांना, आधी बाईंना विचारूया.”

“मग?”

“म्हणाले, विचारलं की त्या नाही म्हणतील.”

“रिसायकल बिनमध्ये असतील ना फोल्डर?”

चौगुल्यांनी मान खाली घातली. “ती रिकामी करून घेतली. फोल्डरांची जुनी सीडी होती तीही मोडायला लावली. स्वतः शेजारी उभे होते.”

म्हणजे आंबे आणि पेटीची गोष्ट माझ्यासाठी होती. रिकाम्या पेट्या टाकायला कुणी जातीनं उभं राहत नाही. पण का, ते मला तेव्हाही नीट कळलं नव्हतं. मला वाटलं, बायकांच्या नावांची नुसती हेटाळणी आहे. हेटाळणीची सवय होती, ती मी गिळली असती.

पुस्तकाचा समारंभ झाला तेव्हा कळलं. व्यासपीठावर फुलांच्या कमानी होत्या, ‘आमचा वस्त्रवारसा’ असा फलक होता, आणि पहिल्या रांगेत पाहणी समितीचे तीन सदस्य होते. संस्थेला वस्त्रांचं संग्रहालय मंजूर करायचं की नाही ते या समितीच्या हातात होतं. संग्रहालय मागायचं तर आधी संग्रह लागतो. संस्थेकडं स्वतःची म्हणून तीन फाटकी लुगडी आणि एक मोडका माग होता.

पुस्तक चाळताना समितीतल्या एक बाई म्हणाल्या, “एकशे एकतीस! एवढा मोठा संग्रह एका संस्थेकडे!”

सर नम्रपणे हसले. नम्र हसणं त्यांना फार छान जमायचं.

मी पुस्तक उघडलं. गुळगुळीत कागद, अप्रतिम छपाई. प्रत्येक फोटोखाली एकेक ओळ. क्रमांक अठ्ठ्याऐंशी : हिरवी इरकल, लाल रुंद काठ, संस्थेच्या संग्रहातून. क्रमांक एकोणनव्वद : संस्थेच्या संग्रहातून. क्रमांक नव्वद : तेच. नावं राहिली असती तर ती लुगडी एकशे एकतीस बायकांची होती. नावं गेली आणि एका रविवारात सगळी संस्थेची झाली. मुंग्यांनी वारूळ करावं आणि आयत्या बिळावर नागोबानं येऊन बसावं, तर या नागोबानं वर मुंग्यांचे पाय मोजून दाखवले होते. ऋणनिर्देशात शेवटून दुसरी मी होते, ‘कु. शेटे’. मी कुमारी नव्हते, पण तेवढी चूक आता कशाला काढा.

तुळसाक्कांचे निरोपावर निरोप येत होते. पुस्तक आलं म्हणं, कवा दावतीस? पंधरा दिवस मी टाळलं. मग गेले.

त्यांनी हात धुतले, पदराला पुसले, पाट मांडला आणि पुस्तक पाटावर ठेवायला लावलं. शालन दाराशी उभी राहिली. मी अठ्ठ्याऐंशी क्रमांकाचं पान काढलं. पानभर त्यांचं हिरवं लुगडं.

“आगं बया,” त्या पुटपुटल्या. “किती झ्याक दिसतंय! दत्तू, बघ रं.” मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, “वाच. खाली काय लिवलंय ते वाच.”

मी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं, “तुळसाबाई रामू खोत. भाऊ दत्तूनं दिलेलं लुगडं.”

त्यांनी माझं बोट धरून बाजूला केलं आणि आपलं बोट त्या ओळीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं.

“साक्षरतेच्या वर्गात बाकी काय आलं न्हाई मला,” त्या म्हणाल्या, “पर माझं नाव आलं. रेशनला मी आंगठा देत न्हाई, सही करतीया. ह्यात माझं नाव न्हाई.”

मला मान वर करता येईना.

“खरं वाच, पोरी.”

मी खरं वाचलं.

“संग्रहातून मंजी?”

“म्हणजे... लुगडं संस्थेचं आहे, असं लिहिलंय.”

तुळसाक्का ट्रंकेकडं बघत राहिल्या. बाहेर कुणाचीतरी म्हैस ओरडत होती. शालन चहाचा कप हातात धरून तशीच उभी होती.

“मग माझ्या ट्रंकंत हाय ते?” त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं. “ते म्या चोरलं व्हय गं?”

त्यांनी मला शिव्या द्यायला हव्या होत्या. पायताण घेऊन मागं लागायला हवं होतं, मी आनंदानं गल्लीभर पळाले असते. त्यांनी पुस्तक मिटलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “च्या घे, गार हुतोय.”

मी सरांना पत्र लिहिलं, समितीला लिहिलं. समितीनं संस्थेकडं खुलासा मागवला. संस्थेनं कळवलं की सर्व एक हजार अठ्ठेचाळीस छायाचित्रं सुरक्षित असून प्रत्यक्ष मोजून खात्री करता येईल. कुणीतरी आलं, मोजून गेलं. महिन्याभरात मी संस्था सोडली, आणि त्यानं कुणाचं काही अडलं नाही.

तिसऱ्या वर्षी तुळसाक्का गेल्या. मला उशिरा कळलं, दहाव्याला पोचले. शालननं मला आतल्या खोलीत नेलं. ट्रंक उघडी होती, तळापर्यंत रिकामी.

“आत्तींनी गेल्या दिवाळीला वाकळ शिवायला घेतली,” ती सासूबद्दल सांगायला लागली. “वरनं सगळी जुनेरं, मळकी ठिगळं. कुणाला हात लावू दिना. म्हनल्या, माझ्या अंगाखाली हीच घाला, आन् सरणावर बी हीच घाला. आजाऱ्याचं अंथरूण नाहीतरी टाकायचंच असतंय, म्हणून कोण काय बोललं न्हाई.”

“घातली?”

“घातली की.” तिनं दाराकडं एकदा बघून घेतलं. “त्या जायच्या आधी एकदा उन्हात टाकायला उचलली, तर जड लागली वो. एक कोपरा उसवून बघितला. आत हिरवं.”

“मग काय केलंस?”

“काय करणार? सुई-दोरा घेतला, हुतं तसं शिवून टाकलं. भावकीला कळलं असतं तर, विधवेच्या अंगाला हिरवं लावलं म्हणून तिरडी आडवली असती.” ती माझ्याकडं वळली. “आत्तींना कळलं असंल का वो, म्या बघितलं ते?”

“टाका ओळखू येतो, शालन. कळलं असेल.”

मग आम्ही दोघी तिथंच बसून रडलो, आणि बाहेर जेवायची पानं मांडली म्हणून हाक आली तेव्हा उठलो.

गेल्या वर्षी मला एक फोन आला. संस्थेतून. सर आता नाहीत, त्यांच्या नावाचं दालन आहे. बोलणारी मुलगी चुणचुणीत होती, अदबीनं बोलत होती. एका परदेशी अभ्यासकाला क्रमांक अठ्ठ्याऐंशीचं मूळ वस्त्र हाताळून बघायचं होतं आणि ते कुठं सापडत नव्हतं. जुन्या लोकांत कुणीतरी माझं नाव सांगितलं होतं.

“फोटो आहेत मॅडम, आठच्या आठ फायली आहेत. फक्त वस्तू मिळत नाही. कुठं ठेवली असेल, काही आठवतं?”

“ती मालकिणीनं नेली,” मी म्हटलं.

“मालकिणीनं? म्हणजे कुणी? नाव सांगता? मी सिस्टीममध्ये बघते.”

मी नाव सांगितलं. सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. तुळसाबाई रामू खोत. तिनं टंकल्याचा आवाज मला फोनवर ऐकू आला.

“नाही मॅडम,” ती म्हणाली. “या नावाचं आमच्याकडे काहीच नाही. शून्य दाखवतंय.”